शिंपिणीचे घरटे





श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंचे आख्यान आहे. यदुराजाने विचारले, अवधूताने सांगितले, आणि तेच पुढे भगवंतांनी उद्धवास कथन केले. आपणा वारकऱ्यांस हा स्कंध परका नाही. एकनाथ महाराजांनी त्यावर प्राकृतात टीका केली आणि ती काशीक्षेत्री शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, पूर्णत्वास नेली. त्या चोवीस गुरूंत आठवा गुरू कपोत, म्हणजे आपला पारवा.

कथा सर्वांस ठाऊक आहे. रानात एका झाडावर कपोत आणि कपोती संसार करून राहत होती. पिले झाली. त्यांच्या कोवळ्या पंखांचा स्पर्श, त्यांची किलबिल, यांत दोघे रमून गेली. एके दिवशी ती चाऱ्यास गेली असता पारध्याने जाळे पसरून पिले धरली. कपोती परतली, पिलांचा आक्रोश तिने पाहिला आणि ती धावत जाऊन जाळ्यात पडली. मागून कपोत आला, त्याने विलाप केला आणि डोळ्यांदेखत सर्व दिसत असता तोही जाळ्यात शिरला. पारधी सगळे कुटुंब घेऊन घरी गेला.

चाळीस वर्षे कीर्तनसेवा करताना ही कथा मी किती वेळा सांगितली असेल त्याचा हिशेब नाही. पाठशाळेत गुरुजींनी श्लोक मुखोद्गत करून घेतले होते, त्यामुळे अडखळण्याचा प्रश्न नव्हता. वैराग्यपर अभंग घेतला की कपोत आलाच म्हणून समजा.

सुमारे पंचवीस वर्षांमागची गोष्ट. एका गावी हरिनाम सप्ताह होता. कीर्तन संपले, आरती झाली, लोक पाया पडून जाऊ लागले. सर्वांच्या मागून एक बाई आली. पंचविशीची असेल. कडेवर धाकटी मुलगी झोपलेली. पाया पडून ती उभीच राहिली आणि म्हणाली, "महाराज, एक विचारू का? पिलं जाळ्यात अडकली होती. मग त्या माउलीनं काय करायचं होतं?"

मी म्हणालो, "बाई, यालाच तर माया म्हणतात. हीच तोडायची असते."

भोवतालच्या मंडळींनी माना डोलावल्या. बाई काही बोलली नाही. पदर सावरून निघून गेली. मागाहून विणेकऱ्याने सांगितले, "महाराज, तिचा थोरला मुलगा दोन महिन्यांमागं विहिरीत गेला."

त्या रात्री मला झोप आली नाही, असे लिहिले तर ते शोभून दिसेल. पण ते खरे होणार नाही. मला झोप आली. दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले आणि मी पुढच्या गावी गेलो. प्रश्न मात्र मनाच्या कोपऱ्यात पडून राहिला. त्याचे उत्तर मला कोणा शास्त्र्याने दिले नाही. ते एका पाखराने दिले, आणि त्याचे वजन तोळाभरही नव्हते. ती हकीकत सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

आमचे गाव पुरंदर तालुक्यात. दिवेघाट चढून माउलींची पालखी सासवडास येते, तो आमचा मुलूख. गेल्या वर्षी ज्येष्ठात पाय घसरून माझा घोटा मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि दीड महिना पाय खाली टेकायचा नाही असे बजावले. वारी चुकली. पालखीने सासवडचा मुक्काम हलवला त्या दिवशी मी ओसरीवर पाटावर पाय ठेवून बसलो होतो. मन फार खिन्न होते.

अंगणात अंजिराचे एक झाड आहे, पुरुषभर उंचीचे. आमच्याकडे अंजीर आणि सीताफळ दारोदार. त्या झाडाच्या खालच्या फांदीवर एक चिमणीहूनही लहान, पाठीवर पोपटी, माथ्यावर तांबूस, शेपटी ताठ उभी असे पाखरू आले आणि एका पानाच्या कडेला चोच मारू लागले. नातू म्हणाला, "आजोबा, शिंपी आहे तो." मी म्हटले, "मग नामदेवरायांच्या ज्ञातीचा दिसतो. बसू दे त्याला."

पुढे चार दिवस मी जे पाहिले ते जन्मभर अंगणात घडत असूनही पाहिले नव्हते. शिवण बहुतेक मादीच करी. पानाच्या दोन्ही कडा ओढून जवळ घ्यायच्या, चोचीने बारीक भोक पाडायचे आणि त्यातून कोळ्याचे जाळे, कापसाचा तंतू, सालीचा धागा ओवायचा. माणूस शिवतो तशी गाठ ती मारीत नाही. धागा भोकातून बाहेर आला की त्याचे टोक पिंजून फुगते आणि तेथेच अडकून बसते. शिवून पानाचा द्रोण झाला, म्हणजे आत सावरीचा कापूस, केस, मऊ गवत भरायचे. नर जवळच्या फांदीवरून टुविट टुविट असा गजर लावून असे. आवाज असा मोठा, की एवढ्याशा गळ्यातून तो येतो यावर विश्वास बसू नये.

यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एवढी भोके पाडूनही पान वाळले नाही. देठ तिने दुखावला नाही, भोक गरजेपुरतेच पाडले. पान झाडाचे राहिले, हिरवे राहिले, म्हणून तर घरटे दिसेनासे झाले. श्रोतेहो, आपण संसार शिवायला बसतो तेव्हा पान पार फाडून टाकतो, आणि मग म्हणतो की संसारात ओलावा उरला नाही.

आषाढ लागला आणि तिने रोज एक अशी तीन अंडी घातली. काठीच्या टोकाला आरसा बांधून नातवाने एकदाच पाहिले. पुन्हा पाहू नको, असे मी त्यास सांगितले. घरट्याशी आपली ये-जा वाढली, की मांजर, कावळा यांना वाट दाखवल्यासारखे होते. बारा दिवस ती अंड्यांवर बसली. मुसळधार पाऊस आला तरी उठली नाही. एकादशीस पंढरपुरात चंद्रभागेतीरी वैष्णवांचा मेळा भरला असेल, त्या दिवशी मी ओसरीवरून त्या पानाकडे पाहत बसलो होतो. पानाच्या फटीतून तिची ताठ शेपटी तेवढी दिसत होती. विटेवर उभे राहणे काय आणि अंड्यांवर बसून राहणे काय, दोहोंत वाट पाहणे आहेच.

गुरुपौर्णिमेच्या सकाळी पिले बाहेर आली. डोळे मिटलेले, अंगावर पीस नाही. नामदेवरायांनी पक्षिणीची वाट पाहणाऱ्या पिलांचा दृष्टांत देवाच्या भेटीसाठी योजला आहे. मी तो आयुष्यभर गायिलो, पण पिले वाट कशी पाहतात हे पाहिले नव्हते. डोळे उघडलेले नसतात, म्हणून ती आईला पाहून तोंड उघडत नाहीत. पान हालले, की चोची वर होतात. आई आली म्हणून हालले काय, वाऱ्याने हालले काय, त्यांना भेद नाही. हालले की मुख उघडे. दहा वेळा वारा असतो आणि अकराव्या वेळी आई असते. ही पिले अशी हिशेब ठेवून बसली असती, तर उपाशी मेली असती. नाम घेणाऱ्याने याहून दुसरे काय करायचे असते?

आता आईबापांचा उद्योग पाहा. दोघेही किडे, अळ्या, कोळी टिपून आणीत. एके दिवशी मी सूर्योदयाला तुळशीची माळ घेऊन बसलो आणि चोच भरून आलेल्या प्रत्येक खेपेस एक मणी सरकवला. दुपारच्या नैवेद्यापर्यंत अर्ध्याहून अधिक माळ सरली. मेरुमणी आला तेव्हा अंगणात अजून ऊन होते. जाताना रिकाम्या चोचीने जायचे नाही, पिलांची विष्ठा उचलून दूर नेऊन टाकायची. घाण नाही, वास नाही, म्हणून शत्रूस सुगावा नाही. मी मनाशी म्हणालो, अरे, हीच ना ती माया, जी तोडायची म्हणून मी बायाबापड्यांना सांगत आलो?

आषाढ वद्य एकादशीची सकाळ. मी हरिपाठ म्हणत होतो. अंजिराखाली भारद्वाज आला. आमच्याकडे त्यास कुंभारकावळाही म्हणतात. त्याचे दर्शन शुभ मानतात, म्हणून मी हात जोडले. माझे जोडलेले हात तसेच असता तो उड्या मारीत फांदीवर चढला, त्याने पानात चोच घातली आणि एक पिलू ओढून काढले. मी काठी आपटली, ओरडलो. तो उडाला, पिलू घेऊन उडाला. माझ्या पायाला प्लास्टर, काय करणार? आणि धडधाकट असतो तरी काय करणार होतो? त्यालाही घरी पिले असतील.

शिंपीण आणि तिचा नर भारद्वाजाच्या मागे बरेच दूर ओरडत गेले. परतल्यावर तिने घरट्याभोवती फेऱ्या घातल्या. ते ओरडणे काळीज कापणारे होते. मग ती फांदीवर बसली. पान हालले. आतून दोन चोची वर आल्या.

ती उडून गेली आणि अळी घेऊन परत आली.

वाचकहो, त्या क्षणी मला पंचवीस वर्षांपूर्वीची ती बाई दिसली. तिच्या कडेवरची झोपलेली मुलगी दिसली. मी ती मुलगी तेव्हाही पाहिली होती, पण तिचा अर्थ आज कळला. दोन महिन्यांपूर्वी ज्या बाईचा मुलगा विहिरीत गेला, ती उठली होती, तिने चूल पेटवली होती, धाकटीला न्हाऊ-माखू घातले होते, तिला कडेवर घेऊन ती हरिकथेस आली होती. ती जाळ्यात पडलेली नव्हती. ती जाळ्यातून उठून आली होती. आणि मी, भागवताचे श्लोक मुखोद्गत असलेला मी, तिला सांगत होतो की माया तोड!

त्या रात्री मी पोथी काढली आणि कपोताचे आख्यान पुन्हा वाचले. दोन गोष्टी मला नव्याने दिसल्या. पहिली ही, की अवधूत त्या पाखरास गुरू म्हणतो. त्याला हसत नाही. दुसरी अशी की, आख्यानाच्या शेवटी जो ठपका आहे तो पाखरावर नाहीच, तो माणसावर आहे. मनुष्यदेह हे मोक्षाचे उघडे दार, ते लाभूनही जो पाखरासारखा घरात गुंतून पडतो, तो चढून पुन्हा पडला, असा त्याचा आशय आहे. पाखराला ते दार उघडे नाही, म्हणून त्याला दोष कसला? आणि गुंतणे म्हटले आहे ते घरात.

मग प्रश्न उरतो तो त्या बाईचा. तिने काय करायचे होते? याचे उत्तर व्यासांनी महाभारताच्या आदिपर्वात देऊन ठेवले आहे, ते मी एका जागी वाचले आणि दुसऱ्या जागी विसरलो. खांडववन जळत असता जरिता नावाच्या पक्षिणीची चार पिले घरट्यात होती. त्यांना पंख फुटलेले नव्हते. बाप मंदपाल सोडून गेलेला. आग जवळ आली. जरितेला पिले उचलून नेता येईनात. ती म्हणाली, मी तुम्हांला अंगाखाली झाकते, आपण सारी एकत्र मरू. म्हणजे ती कपोतीच व्हायला निघाली होती. पण पिले म्हणाली, आई, तू जा. तू राहिलीस तर वंश राहील. तिने हरएक उपाय केला, उंदराच्या बिळात शिरा म्हणाली. पिलांना बिळातल्या उंदरापेक्षा अग्नी बरा वाटला. अखेर ती उडून गेली. मागे पिलांनी अग्नीची स्तुती केली आणि अग्नीने त्यांना राखले. आग ओसरल्यावर जरिता रडत परत आली आणि एकेकाला तिने जवळ घेतले.

कपोती आणि जरिता, दोघींची माया सारखीच. माया कमी म्हणून जरिता उडाली नाही. फरक एवढाच, की करण्याजोगे होते ते सर्व जरितेने केले आणि करण्याजोगे काही उरले नाही तेव्हा तिने पंख मिटले नाहीत. पुढचे तिने अग्नीवर, म्हणजे देवावर सोडले. आणि ती परत आली. सर्वांची पिले वाचत नाहीत, हे मी जाणतो. शिंपिणीचे तिसरे पिलू भारद्वाजाने नेले ते नेलेच. पण परत येणे तिला चुकले नाही, कारण दोन चोची उघड्या होत्या.

आषाढ सरत आला. पिलांना पिसे फुटली, पान आता त्यांना पुरेना. चौदाव्या दिवशी निराळाच प्रकार झाला. शिंपीण अळी घेऊन आली, पण पानाशी गेली नाही. समोरच्या जास्वंदीवर बसून हाका मारू लागली. पिले कलकलाट करीत होती, चोची उघडीत होती. कालपर्यंत माळेचे मणी पुरत नव्हते एवढ्या खेपा घालणारी आई चारा घेऊन दूर बसली होती! मला वाटले, ही निष्ठुर कशी झाली? अर्ध्या तासाने एक पिलू काठावर आले, थरथरले आणि उडाले. दुसरे उडाले ते थेट तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी पडले. नातवाने धावत जाऊन ओंजळीत घेतले, "आजोबा, पडलं! आपण पाळू या, दूध देऊ या."

मी म्हणालो, "बाळा, ते पडलं नाही, ते निघालं आहे. जास्वंदीत ठेव आणि मांजराकडे लक्ष दे." माणसाचा हात लागला की आई पिलू टाकते असे लोक म्हणतात, ते सहसा खरे नसते. आम्ही मागे सरलो आणि घडीभरात शिंपीण आली व तिने त्याच्या चोचीत चारा घातला. पुढे कितीतरी दिवस दोघे आईबाप त्या पिलांना झुडपाझुडपांतून भरवीत फिरत होते. घरटे सुटले, चारा सुटला नाही.

आणि ते घरटे? चार दिवस खपून शिवलेले, कापसाने मढवलेले? त्याकडे तिने पुन्हा वळून पाहिले नाही. श्रावणाच्या पावसात ते लोंबत राहिले. पाखराची माया पिलांवर असते, पानावर नसते. आपले उलट झाले आहे. भाऊ भावाशी बोलत नाही, कारण मधली भिंत कोणाची याचा निकाल लागलेला नाही. ज्या पोटच्या पोरांसाठी घर बांधले, ती पोरे त्या घरावरून कोर्टात उभी आहेत. अवधूताने ठपका ठेवला तो या गुंतण्यावर. वारीत आपण रोज सायंकाळी राहुटी ठोकतो आणि पहाटे उपटतो. राहुटीसाठी कोणी रडत नाही, दिंडीतला सोबती मागे राहिला तर मात्र सारे थांबतो. वारी हेच शिकवण्यासाठी आहे.

याचे तात्पर्य मला असे कळले. जिव्हाळा तोडायचा नाही, मुठीची पकड सोडायची. पिलू पंखांखाली असेल तोवर अंग भिजू द्यावे; उडायची वेळ आली की चारा घेऊन दूर बसावे; आणि काळाने नेले तर आक्रोश करावा, रडावे, पण पंख मिटू नयेत. रडणे हे जाळे नव्हे.

एक विनंती वारीस जाणाऱ्यांना. ज्येष्ठ-आषाढ हा आपल्या वाटचालीचा काळ, तोच शिंपी, सुगरण अशा पाखरांच्या विणीचाही. मुक्कामी चुलीसाठी अथवा सावलीसाठी फांदी तोडण्याआधी तिच्या पानांत डोकावून पाहा. एखादे पान शिवलेले असेल.

आणि एक क्षमायाचना. तुझे नाव मी विचारले नव्हते, माउली. आता तू पन्नाशीला आली असशील आणि कडेवरची ती मुलगी स्वतःच लेकुरवाळी असेल. हा अंक तुझ्या गावी येत असेल तर कोणी तरी तुला हे वाचून दाखवो. तू विचारलेस, त्या माउलीने काय करायचे होते? तू केलेस तेच करायचे होते. तुझ्या दुःखाला मी त्या दिवशी नुसती आसक्ती म्हटले, ते चुकले. यापुढे कपोताची कथा मी सांगेन तेव्हा जरितेची कथा जोडून सांगेन आणि सांगण्यापूर्वी मनात तुला नमस्कार करीन.

॥ पुंडलिकवरदा हरि विठ्ठल ॥